धागा दिसला नाही

कामावर माझं नाव कुणी घेत नाही. मला सगळे 'नापास' म्हणतात, आणि पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर म्हणतात. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. ट्रकचा टायर आला की मी त्याच्या पोटात दिवा धरते, हात फिरवते, खिळे शोधते. मग तो घासायच्या मशीनवर जातो. जुनं रबर खरवडून निघालं की पुन्हा माझ्यापुढे येतो आणि तेव्हा मी एकच गोष्ट बघते: धागा दिसतोय का? रबराच्या आत धाग्यांचे थर असतात. टायरचा सगळा जोर त्यांच्यात. धागा उघडा पडलेला दिसला की मी खडूनं फुली मारते. मग मालक हात जोडो नाहीतर ड्रायव्हर रडकुंडीला येवो, फुली पुसली जात नाही. तो टायर उद्या भर रस्त्यात फुटला तर निस्तरायला हे लोक येणार आहेत का?

घासायच्या मशीनवर जो आहे त्याला आम्ही घाशा म्हणतो. त्याचं आणि माझं हाडवैर आहे, म्हणजे चहा रोज एकत्रच होतो. तो म्हणतो, बाई, तुम्ही जन्मल्यावर दाईला पण नापास केलं असेल. मी म्हणते, केलं असेल, तिचे हात तुझ्यासारखेच काळे असतील.

तर अशा या बाईला एके सकाळी लघवीतून रक्त गेलं.

दुखलं नाही, खुपलं नाही. दुखलं असतं तर मी त्याच दिवशी धावले असते. न दुखणाऱ्या गोष्टीकडे आपण किती सहज काणाडोळा करतो! कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत रंग निवळला, मी विसरले. महिन्याभरानं परत तेच, परत गोळ्या. तिसऱ्यांदा लाल दिसलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी डॉक्टरला म्हटलं, "एकाच जागी तिसऱ्यांदा हवा गेली की आम्ही नुसती हवा भरत नाही, आत बघतो." तोही बिचारा वाईट माणूस नाही. त्यानं लगेच मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथली डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. तिनं लघवीच्या वाटेनं कॅमेरा घालून बघितलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, वाढ आहे आणि ती कॅन्सरची दिसते. सिगारेट ओढता का, विचारलं. मी म्हटलं, उभ्या जन्मात नाही. काम कुठे करता, विचारलं. रबर म्हटल्यावर तिनं मान हलवली. म्हणाली, रबराच्या आणि रंगांच्या कारखान्यांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे याचा धोका वाढतो, पण तुम्हाला नेमका कशामुळे झाला हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मला भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो तसाच ठेवून दिला. पुढे उपयोगी पडला.

कमरेखालचा भाग बधिर करून तिनं ती वाढ खरवडून काढली. त्याच वाटेनं, पोट न कापता. काढलेले तुकडे तपासायला जाणार होते. त्याआधी तिनं आम्हा दोघांना, मला आणि माझ्या नवऱ्याला, समोर बसवून कागदावर पिशवीची भिंत काढून दाखवली.

"सगळ्यात आत अस्तर," ती म्हणाली. "त्याच्याखाली एक पातळ थर. त्याच्याखाली स्नायू. स्नायूच्या बाहेर चरबी आणि त्यापलीकडे बाकीचे अवयव. कॅन्सर आतून बाहेर जातो. तो किती खोल गेलाय, ती त्याची स्टेज. पातळ थरापर्यंत असेल तर टी-वन, स्नायूत शिरला तर टी-टू, चरबीत गेला तर टी-थ्री. आणि पेशी किती आक्रमक आहेत, तो त्यांचा ग्रेड. स्टेज आणि ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका."

"आणि खोलीनं फरक काय पडतो?" मी विचारलं.

"फार पडतो. स्नायूच्या अलीकडे असेल तर बहुतेक वेळा पिशवी वाचवून इलाज करता येतो. स्नायूत असेल तर बहुतेक वेळा पिशवी काढावी लागते. आणि ते वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं."

मी मान डोलावली. म्हटलं, थर मला कुणी शिकवायला नकोत, माझा जन्म त्यातच गेलाय. तिथेच मी फसले.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरची वेळ मिळायला अजून चार-पाच दिवस होते. माझ्या नवऱ्यानं हॉस्पिटलच्या खिडकीवरून रिपोर्ट घेतला आणि तडक कारखान्याच्या दाराशी आला. तो निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर सकाळी बस काढायच्या आधी टायरला लाथ मारून बघायचा आणि आवाजावरून निकाल द्यायचा. मी त्याला लग्नापासून सांगत आले की बाहेरून लाथ मारून कळलं असतं तर मला पगार कशाला दिला असता? त्याच्या हातून मी पाकीट ओढून घेतलं. घाशा माझ्या खांद्यावरून वाचत होता. कॅन्सर आहे. ग्रेड वरचा. पातळ थरात शिरलेला. आणि शेवटच्या ओळीत: नमुन्यात स्नायू आढळला नाही.

मी किंचाळलेच. "धागा दिसला नाही!"

आमच्याकडे घासलेल्या टायरवर धागा दिसला नाही, याच्याइतकी चांगली बातमी नसते. घाशानं मशीन बंद करून पूर्ण शेडमध्ये दवंडी पिटली की नापासबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पास केलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी सगळ्या पाळीला आइस्क्रीम चारलं. नवरा रबराच्या ढिगाऱ्यावर बसून चष्मा पुसत होता आणि परत परत म्हणत होता, "टी-वन. टी-वनच ना गं? टी-वन." संध्याकाळी त्यानं त्याच्या मोठ्या बहिणीला फोन केला आणि ताई दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन हजर झाल्या. म्हणाल्या, "आता चार दिवस तू हलायचं नाहीस, मी आहे."

डॉक्टरकडे मी अशी गेले की जणू माझाच सत्कार आहे. तिनं रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "पुन्हा एकदा आत जाऊन खरवडावं लागेल."

"आता कशाला? स्नायूत नाहीये ना?"

"असं कुठे लिहिलंय?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसली नाही, ते बरं केलं.

"स्नायूत रोग आढळला नाही असं नाही लिहिलेलं. स्नायूच आढळला नाही, असं लिहिलंय. मी काढलेल्या तुकड्यांमध्ये स्नायू आलाच नाही. त्यामुळे तो चांगला आहे की बिघडलाय, हे कुणीच बघितलेलं नाही. आज मी फक्त एवढंच सांगू शकते की निदान टी-वन तरी आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर अजून माहीत नाही."

टायर न घासताच पास झाला होता, आणि तो शिक्का दुसऱ्या कुणी नाही, मी मारला होता. बरं, नुसता मारला नाही, वर आइस्क्रीम वाटलं.

मग मी तिच्यावर उखडले. "तुम्ही तिथवर गेला का नाहीत? अर्धं काम करून सोडायचं ही कुठली पद्धत?"

"वाढ मोठी होती, रक्त येत होतं," ती शांतपणे म्हणाली. "पिशवीची भिंत पातळ असते. त्या गढूळात आणखी खोल गेले असते तर आरपार भोक पडलं असतं. म्हणून थांबले. अशा वेळी काही आठवड्यांनी परत जायचं, हीच पद्धत आहे. आणि खरं सांगते, पहिल्यांदा टी-वन वाटलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुसऱ्यांदा खोल निघतं. म्हणूनच बघायचं."

बाई बरोबर होती. मी तारीख घेतली.

घरी गेल्यावर खरी लढाई सुरू झाली. माझ्या नणंदेचा माझ्यावर जीव आहे, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. त्यांचे यजमान पोटाच्या ऑपरेशननंतर उठलेच नाहीत. तेव्हापासून चाकू म्हटलं की ताईंचा थरकाप होतो.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलंय ना टी-वन? मग झालं. उगाच परत उकरायचं, आणि हत्यार लागलं की ते पसरतं, सगळ्या जगाला माहितीये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत विंचू असला तर?"

"तुझं तोंड म्हणजे ना!"

"तोंडाला काही झालेलं नाही ताई, ते शाबूत आहे. कॅन्सर खाली आहे."

नवरा मधे बसून कधी ताईंकडे मान हलवायचा, कधी माझ्याकडे. त्याला दोन बायकांमध्ये बसायची सवय आहे. शेवटी जी बोलेल तिचं त्याला पटतं. मी रात्री त्या दोघांच्या आधीच झोपले, म्हणजे शेवटचं बोलणं कुणाचं झालं हे तुम्हाला कळलंच असेल.

तारीख दोन दिवसांवर आली आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. नर्स होती. "ताप उतरला का तुमचा?" तिनं विचारलं.

"कसला ताप?"

"तुमच्या मिस्टरांनी काल कळवलं ना, ताप आहे, तारीख पुढे ढकला म्हणून? पण पुढच्या तारखा फार लांबच्या आहेत, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "माझी तारीख होती तिथेच ठेवा. ताप घरातल्या दुसऱ्या दोघांना आहे." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. दोघं टेबलाशी बसून शेंगा सोलत होती, अगदी शहाण्या मुलांसारखी.

"फोन कुणी केला?"

ताईंनी मान खाली घातली. नवऱ्यानं घातली नाही, हे त्याचं एक चांगलं.

"मी केला," तो म्हणाला. "मला... हे बघ, टी-वन आहे तोवर मला झोप लागते. राहू दे ना गं टी-वन. काही महिने तरी राहू दे."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. पण त्यानं दाणे कचऱ्यात आणि टरफलं वाटीत टाकली होती. या माणसानं चाळीस-पन्नास लोकांना पाठीशी घेऊन पावसापाण्यातून बस चालवली, कधी वळण चुकलं नाही. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

"तुम्हाला झोप लागावी म्हणून मी मरू का?" मी म्हटलं. "भीती मला नाही वाटत? माझ्याच पोटात आहे ते! पण ते टी-वन तुम्ही म्हणताय म्हणून टी-वन राहणार नाही. ते आहे तेवढं आहे. आपण बघितलं नाही तर फक्त आपल्यालाच कळणार नाही, त्याला सगळं माहीत आहे. उगाच टायरला लाथ मारून निकाल देऊ नका. परवा मी जाणार. कुणी यायचं त्यानं यावं, नाहीतर मी रिक्षानं जाते आणि बधिर कमरेनं रिक्षानंच परत येते."

"बधिर कमरेनं रिक्षात कशी चढशील?" ताई घाबरून म्हणाल्या.

"ढकलायला तुम्ही या."

परवा सकाळी मी चपला घालून बाहेर आले तर नवरा गाडीत बसून होता. इंजिन चालू. चारही टायरांना लाथ मारून झालेली असणार, त्याच्या बुटाच्या टोकावर धूळ होती. ताई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या सिग्नलला ताई पुटपुटल्या, "विकतचं दुखणं आहे नुसतं," आणि माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

दुसऱ्या वेळी सगळं लवकर आटपलं. समोरच्या पडद्यावर मला माझ्या आतलं दिसत होतं, गुलाबी भिंत, जुन्या जखमेची जागा, तिथे फिरणारी तारेची बारीक कडी. मी डॉक्टरला म्हटलं, "या वेळी धाग्यापर्यंत जा." तिला धागा कळला नसेल, पण ती म्हणाली, "जाते."

निकालाला आम्ही तिघं गेलो. मी आधीच सांगून ठेवलं होतं की रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही, मला समोर बसवून सांगायचा. एकदा स्वतः वाचून हौस फिटली होती.

"या वेळी स्नायू आलाय," डॉक्टर म्हणाली. "आणि स्नायूत रोग आहे. म्हणजे टी-टू. मधल्या दिवसांत काढलेल्या स्कॅनमध्ये पिशवीच्या बाहेर काही दिसत नाही, गाठींमध्ये नाही, फुप्फुसात नाही, यकृतात नाही. आता या घडीला हा बरा करायच्या उद्देशानं आपण लढू शकतो. आधी सलाईनमधून औषधं, मग पिशवी काढायची. पोटावर एक छोटं तोंड करून लघवी साठायला बाहेर प्लास्टिकची पिशवी लावतात. काही जणांना पिशवी ठेवून किरणांचा इलाजही चालतो, पण तुमची वाढ बघता मी काढायलाच सांगेन. हवं तर दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या."

ताईंनी पदर तोंडाला लावला. "मी म्हटलं होतं! खरवडलं म्हणून आत गेलं!"

"ताई," मी त्यांचा हात धरला. "खरवडलं म्हणून गेलं नाही. गेलं होतं, ते खरवडलं म्हणून सापडलं. झाकून ठेवलं असतं तर तुम्ही मला काही महिने टी-वन म्हणत राहिला असता आणि मग एकदम पोचवायला आला असता."

मी हे ठणकावून बोलले खरी, पण डोक्यात एकच घोळत होतं. पोटावर पिशवी. आयुष्यभर. मला माझी स्वतःची हवी होती, बिघडलेली का होईना. हे मी मोठ्यानं बोलले का मनात, आठवत नाही. नवऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा त्यानं डॉक्टरला प्रश्न विचारला.

"औषधं कधी सुरू करायची? लवकरातली लवकर तारीख द्या. आणि माझा फोन आला तर उचलू नका."

डॉक्टर पहिल्यांदा हसली.

सोमवारी मी कारखान्यात गेले, रजा सांगायला. घाशानं लांबूनच मला बघून मशीन बंद केलं. पट्ट्याचा आवाज हळूहळू थांबला. तो हात पुसत माझ्याजवळ आला.

"बाई? धागा?"

"दिसला."

त्याचा चेहरा पडला. बाकीचेही गोळा झाले होते. घाशाची नजर नकळत दाराबाहेर गेली. तिथे फुल्या मारलेल्या टायरांचा ढीग असतो, भंगारवाल्याची वाट बघत. गेली कित्येक वर्षं तो ढीग मीच घातलाय. धागा दिसला की तिकडे, आमच्याकडे दुसरा नियमच नाही. घाशाचे डोळे भरले. तो मला मनातल्या मनात तिकडे ठेवून आला होता, आणि खरं सांगायचं तर घरून निघताना मीही एकदा ठेवून आले होते.

मग आतापर्यंत जपून ठेवलेला तो सगळा राग माझ्या कामी आला.

"तिकडे काय बघतोस?" मी त्याच्यावर खेकसले. "मी टायर आहे का? टायरच्या गणितानं एकदा मी पास झाले, तेव्हा तोंडावर आपटले. आता त्याच गणितानं नापास होणार नाही. धागा दिसला म्हणून टायर भंगारात जातो. मी औषधं घ्यायला चाललेय."

नुकताच घासलेला एक टायर तपासणीच्या स्टँडवर लटकत होता. मी सवयीनं तो फिरवला, दिवा धरला. एका बाजूला धागा उघडा होता, बोटभर. मी खडू काढला आणि ठसठशीत फुली मारली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "नापास," आणि सगळे हसले. घाशापण हसला, नाक ओढत.

मी खडू त्याच्या काळ्या तळव्यावर ठेवला.

"मी येईपर्यंत तपासणी तू करायचीस. पूर्ण खरवडल्याशिवाय एकही टायर पास करायचा नाहीस. अंदाजानं नाही, कुणी हात जोडले म्हणून नाही, आपल्याला बरं वाटावं म्हणून तर अजिबात नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

"आणि खडू जपून वापर. मला परत हवाय."